डेटोना, १८ फेब्रुवारी २००१ : पट्टा, मान आणि भिंत

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डेटोना इंटरनॅशनल स्पीडवेवर १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० ही नॅसकारची शर्यत झाली. नॅसकार म्हणजे स्टॉक कारच्या, रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाड्यांच्या, शर्यती भरवणारी संस्था. शेवटच्या फेरीत, चौथ्या वळणावर, डेल अर्नहार्टची ३ क्रमांकाची काळी शेव्हरोलेट भिंतीवर आदळली. अर्नहार्ट ४९ वर्षांचा होता आणि नॅसकारचे मोसमाचे विजेतेपद सात वेळा मिळवलेला. पुढे मायकेल वॉल्ट्रिप पहिला आला आणि अर्नहार्टचाच मुलगा डेल ज्युनियर दुसरा. दोन्ही गाड्या अर्नहार्टच्या स्वतःच्या संघाच्या होत्या. टीव्हीवर पाहणाऱ्यांना हा अपघात किरकोळ वाटला. गाडी उलटली नाही, पेटली नाही, तुकडे होऊन उडाली नाही. त्याच शर्यतीत आधी टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडून इतर गाड्यांवर कोलांट्या खात गेली होती आणि तो वाचला होता. अर्नहार्ट वाचला नाही. मृत्यूचे कारण होते कवटीच्या तळाचे फ्रॅक्चर, वैद्यकीय भाषेत बेसिलर स्कल फ्रॅक्चर.

डोके-मान संरक्षक उपकरणांचा, म्हणजे सर्रास ज्याला हान्स म्हणतात त्याचा, विषय निघाला की हे प्रकरण पहिले सांगितले जाते. ‘हान्स नव्हते म्हणून गेला’ अशी त्याची एका वाक्यातली आवृत्ती प्रसिद्ध आहे. तपासात मात्र चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले, आणि उपकरण विकत घेणाऱ्याला उपयोग आहे तो त्या गुंतागुंतीचाच. म्हणून आधी आकडे.

धडक किती मोठी होती

स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा धक्का लागून अर्नहार्टची गाडी डावीकडे आतल्या सपाट पट्टीवर उतरली. तिथून ती उजवीकडे वळून चढावर, म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे निघाली. वाटेत केन श्रेडरची गाडी तिच्या उजव्या बाजूवर आदळली आणि दोघे मिळून भिंतीवर गेले. नॅसकारने नेमलेल्या तपासकर्त्यांचा अहवाल २१ ऑगस्ट २००१ रोजी प्रसिद्ध झाला. त्यानुसार भिंतीला लागताना वेग ताशी १५७ ते १६१ मैल, म्हणजे साधारण २५३ ते २५९ किलोमीटर होता. गाडीची वाटचाल भिंतीशी फक्त १३ ते १४ अंशांच्या कोनात होती. तिचे नाक मात्र ५५ ते ५९ अंश भिंतीकडे वळलेले होते.

ताशी २५० किलोमीटर हा आकडा इथे दिशाभूल करतो. तेरा-चौदा अंशांच्या कोनात भिंतीच्या दिशेने जाणारा वेगाचा भाग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येतो. बाकीचा वेग भिंतीला समांतर असतो आणि तो घसरत घसरत संपतो. भिंतीवरून गाडी थोडी उसळली, ती भर धरून वेगातला एकूण बदल ताशी ४२ ते ४४ मैल, म्हणजे ६८ ते ७१ किलोमीटर ठरवला गेला. तो बदल घडला साधारण ८० मिलिसेकंदांत. हिशेब करून पाहा : सेकंदाला १९ मीटरचा वेग ०.०८ सेकंदात गेला, म्हणजे सरासरी मंदन सुमारे २४ जी, गुरुत्वाकर्षणाच्या २४ पट. शिखर त्याच्या दीडपट-दुप्पट सहज असते. समोर काँक्रीटची उघडी भिंत होती, ती तसूभरही दबत नाही. त्यामुळे जे काही दबायचे ते गाडीच्या नाकानेच.

आता डोक्याचा हिशेब. प्रौढ माणसाचे डोके साडेचार किलोच्या आसपास आणि हेल्मेट दीड किलो, मिळून सहा. सरासरी २४ जीला हे सहा किलो जवळपास दीडशे किलो वजनाइतक्या ओढीने पुढे जाऊ पाहतात, शिखरावर तीनशेच्या घरात. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांच्या चाचणीत मध्यम बांध्याच्या पुरुष डमीच्या मानेवर ४१७० न्यूटनपेक्षा, म्हणजे सव्वाचारशे किलो वजनापेक्षा जास्त ताण आला तर गाडी नापास होते. शिखर थोडे वाढले, डोके कुठे तरी आपटले किंवा मान वाकडी असताना ताण आला, की अंतर संपते. स्नायू आवळून हे थांबवता येत नाही. स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया पूर्ण जोर धरेपर्यंत धडक संपत आलेली असते.

धडकेत हार्नेसने, म्हणजे सीटच्या पट्ट्यांच्या संचाने, बांधलेले धड जागेवर राहते आणि डोके पुढे निघते. दोघांना जोडणारी मान ताणली जाते आणि हा ताण कवटीच्या तळाशी, जिथे मणका कवटीला टेकतो त्या दोन उंचवट्यांवर येतो. तिथे मज्जारज्जू जाणाऱ्या छिद्राभोवती हाडाचे कडे आहे. ते कडे तुटले की मेंदूचा देठ आणि लगतच्या रक्तवाहिन्या फाटतात. बहुतेकदा मृत्यू लगेचच येतो. इथे एक विचित्र गोष्ट आहे : हार्नेस जितका घट्ट आणि सीट जितकी पक्की, तितकी ही दुखापत शक्य. धड सुटे असते तर डोके आणि धड एकत्र पुढे गेले असते आणि माणूस स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर मेला असता. पाच-सहा बिंदूंच्या हार्नेसने तो मृत्यू टाळला आणि सगळा भार मानेवर आणून ठेवला.

तज्ज्ञांचे दोन निष्कर्ष

अपघातानंतर पाच दिवसांनी नॅसकारने जाहीर केले की अर्नहार्टच्या कमरेच्या पट्ट्याची डावी बाजू तुटलेली सापडली. वाद तिथून सुरू झाला. पट्टा धडकेत तुटला की नंतर कापला गेला, यावरही जबान्या जुळेनात.

ड्यूक विद्यापीठाचे डॉ. बॅरी मायर्स हे स्वतंत्र तज्ज्ञ होते. एका वृत्तपत्राने शवविच्छेदनाची छायाचित्रे पाहू देण्यासाठी दिलेल्या न्यायालयीन लढ्यातून जी तडजोड झाली, तीत त्यांची नेमणूक झाली. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी मत दिले की पट्टा तुटला नसता तरी डोके पुढे झेपावलेच असते. धड धरून ठेवणे म्हणजे डोके धरून ठेवणे नव्हे, म्हणून पट्ट्याच्या तुटण्याला प्राणघातक दुखापतीचे कारण मानता येत नाही.

नॅसकारच्या अहवालाचा वैद्यकीय भाग डॉ. जेम्स रॅडिन यांच्याकडे होता आणि धडकेचे गणित नेब्रास्का विद्यापीठाचे डॉ. डीन सिकिंग यांच्याकडे. त्यांनी तीन गोष्टी एकत्र धरल्या. पहिली, भिंतीवरच्या आदळण्याची तीव्रता आणि कोन. दुसरी, श्रेडरच्या धक्क्याने अर्नहार्टचे शरीर भिंतीच्या धडकेआधीच जागेवरून सरकलेले. तिसरी, तुटलेला पट्टा. अहवालाने भर दिला तो डोक्याच्या मागच्या बाजूला बसलेल्या फटक्यावर. नुसत्या झेपेने कवटी फुटली, हे त्याने मान्य केले नाही. ‘हान्स असते तर वाचला असता’ असा निष्कर्षही त्यात नाही.

आमच्या मते दोन्ही अहवाल एकत्र वाचल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. मायर्स बरोबर असतील तर नुसता चांगला हार्नेस पुरत नाही. रॅडिन-सिकिंग बरोबर असतील तर नुसते हान्सही पुरत नाही. हान्स म्हणजे खांद्यांवर बसणारे जोखड, ते टेदर नावाच्या पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेले असते. गाडीला मात्र ते कशानेच जोडलेले नसते. खांद्यावरचे पट्टे त्याला छातीवर दाबून ठेवतात, तीच त्याची एकमेव पकड. पट्टा सुटला की जोखड ड्रायव्हरबरोबर पुढे जाते आणि टेदर असून नसल्यासारखे होतात. तेव्हा विचार करायचा तो अख्ख्या साखळीचा : सीट, सीटचे बोल्ट, पट्ट्यांचे अँकर (ते गाडीला बांधायच्या जागा), पट्टे, जोखड, टेदर, हेल्मेटवरच्या खुंट्या, हेल्मेटच्या हनुवटीचा पट्टा आणि समोरची भिंत.

पट्टा कसा तुटतो

अर्नहार्टचा पट्टा तुटण्याचे कारण अहवालात ‘डंपिंग’ असे दिले आहे. मराठीत गोळा होणे म्हणावे. पट्टा ताणतो तो, त्याची लांबी कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या अ‍ॅडजस्टरमधल्या आडव्या दांडीवरून. ओढ दांडीला काटकोनात असेल तर पट्ट्याची पूर्ण रुंदी भार घेते. ओढ तिरकी पडली की पट्टा खाचेच्या एका कोपऱ्यात सरकून चुण्या पडून गोळा होतो. सगळा भार एका कडेच्या थोड्या धाग्यांवर येतो. ती कड फाटली की पुढचे धागे, मग त्यापुढचे. कागद मधून ओढून फाटत नाही आणि कडेला चीर दिली की सहज फाटतो, तसेच हे. नवाकोरा, मुदतीतला, नामवंत पट्टाही असा जाऊ शकतो.

याची तपासणी फुकट आहे, तरी क्वचितच होते. ड्रायव्हरला सीटमध्ये बसवून, पट्टे पूर्ण आवळून, प्रत्येक अ‍ॅडजस्टरकडे बाजूने पाहायचे. पट्टा दांडीवर सपाट आहे का? अँकरच्या पट्टीला ओढीच्या दिशेने फिरता येते का, की बोल्ट इतका आवळलाय की ती वाकडीच अडकलीय? अ‍ॅडजस्टर सीटच्या छिद्राच्या कडेवर टेकतोय का? शेवटची चूक सर्वांत जास्त दिसते, कारण अ‍ॅडजस्टर हाताला यावा म्हणून तो वर घेतला जातो आणि नेमका छिद्राच्या कडेशी येतो. धडकेत सीटची कड त्याला तिरका करते.

उपकरण तर आधीपासून होते

१९८१ मध्ये मिड-ओहायो ट्रॅकवर सरावात फ्रेंच ड्रायव्हर पॅट्रिक जॅकमार मातीच्या बांधावर आदळून मेला, तोही कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने. त्याचा मित्र जिम डाउनिंग स्वतः रेसर होता. त्याचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्स शिकवायचा आणि त्याआधी जनरल मोटर्समध्ये चाचणी-डमींवर काम केलेला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर हबर्डने पहिला नमुना केला. १९८९ मध्ये वेन स्टेट विद्यापीठात स्लेडवर, म्हणजे धडकेसारखा झटका देणाऱ्या चाचणी-गाड्यावर, चाचण्या झाल्या आणि मानेवरचा ताण खूप कमी होतो हे आकड्यांनिशी दिसले. कोणी मोठा उत्पादक पुढे येईना म्हणून दोघांनी स्वतःच कंपनी काढली. पहिली जोखडे अवजड होती. पुढे मर्सिडीजच्या अभियंत्यांबरोबर काम होऊन ती फॉर्म्युला कारमध्ये मावतील एवढी लहान झाली.

२०००च्या मोसमात नॅसकारमध्ये अशाच दुखापतीने तिघे गेले. १२ मे रोजी न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर १९ वर्षांचा अ‍ॅडम पेटी, जुलैत त्याच ट्रॅकवर केनी अर्विन ज्युनियर, ऑक्टोबरात टेक्ससमध्ये टोनी रोपर. तरीही फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला उतरलेल्या ४३ जणांपैकी मोजक्यांनीच हान्स घातले होते. नकाराची कारणे पोरकट नव्हती. स्टॉक कारला उघडणारे दार नसते, खिडकीतून बाहेर पडावे लागते. आग लागली तर जोखड अडकेल ही भीती खरी होती. शेजारी कोण आहे हे पाहायला मान वळत नाही, कॉलरबोनवर टोचते, अशाही तक्रारी होत्या. अर्नहार्टने तर समोरून उघडे हेल्मेटही शेवटपर्यंत सोडले नव्हते.

अहवालानंतरही सक्ती झाली नाही, फक्त ‘आग्रहाची शिफारस’. ४ ऑक्टोबर २००१ रोजी शार्लटला आर्का या स्टॉक कार मालिकेच्या शर्यतीत २५ वर्षांचा ब्लेझ अलेक्झांडर भिंतीवर आदळून मेला. पुन्हा तीच दुखापत. त्याच्याशी चुरस करणारा केरी अर्नहार्ट, डेलचा थोरला मुलगा, याची गाडी उलटली आणि तो सुखरूप राहिला. १७ ऑक्टोबरला नॅसकारने आपल्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत डोके-मान उपकरण सक्तीचे केले.

सुरुवातीला दोन पर्याय होते. एक हान्स. दुसरे हचेन्स, नुसत्या पट्ट्यांचे, जोखड नसलेले, घालायला हलके आणि म्हणून ड्रायव्हरना प्रिय. २००५च्या मोसमापासून रेसिंगच्या सुरक्षा-साहित्याची मानके ठरवणाऱ्या एसएफआय संस्थेच्या ३८.१ या मानकाची अट आली आणि हचेन्स बाहेर गेले. या मानकात डमीला स्लेडवर बांधून सुमारे ७० जीचा झटका देतात, एकदा सरळ समोरून आणि एकदा ३० अंश तिरका. तिरकी चाचणी महत्त्वाची आहे. अर्नहार्टसकट बहुतेक ओव्हल ट्रॅकवरच्या धडका उजव्या पुढच्या कोपऱ्यातून होतात, घड्याळात एक वाजल्याच्या दिशेने. फॉर्म्युला वनने २००३ पासून हान्स सक्तीचे केले होते.

भिंतीचे कामही याच काळात झाले. तपासातले सिकिंग नेब्रास्कात ज्या गटाचे प्रमुख होते, त्याच गटाने सेफर बॅरियर विकसित केला : काँक्रीटपुढे चौकोनी पोलादी नळ्यांची भिंत आणि मध्ये फोमचे ठोकळे. मे २००२ मध्ये तो प्रथम इंडियानापोलिसला बसला. वर काढलेल्या हिशेबात ८० मिलिसेकंदांची जागा जरा जास्त वेळाने घेतली की शिखर किती उतरते हे कळायला वेगळे गणित नको. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकांमध्ये अर्नहार्टनंतर शर्यतीत ड्रायव्हर दगावलेला नाही. श्रेय एकट्या हान्सचे मानू नये. सीट, पट्टे, गाडीची रचना आणि भिंत, सगळे एकाच दशकात बदलले.

घालताना आणि बसवताना

जोखडाचे भाग तीन. मानेमागे उभी कॉलर, खांद्यांवरून छातीपर्यंत येणारे दोन पाय आणि कॉलरला बांधलेले टेदर. टेदरची टोके हेल्मेटच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना अडकतात. धडकेत हेल्मेट टेदर ओढते, टेदर कॉलर ओढतो, कॉलर पायांना फिरवू पाहते आणि पायांवर बसलेले खांद्याचे पट्टे ते फिरू देत नाहीत. डोक्याचा भार मानेला वगळून छातीवर आणि पट्ट्यांवर जातो.

पहिली निवड कोनाची. हान्स १०, २०, ३० आणि ४० अंशांत येते, हा कोन ड्रायव्हर किती रेलून बसतो यावर ठरतो. सलून कार, रॅली कार, स्टॉक कार यांत पाठ बऱ्यापैकी ताठ असते, तिथे बहुतेकांना २० अंश चालते. फॉर्म्युला कारमध्ये ३० किंवा, अगदी झोपून बसत असाल तर, ४०. कोन चुकला की दोनच गोष्टी होतात. कॉलर हेल्मेटला मागून ढकलून हनुवटी छातीकडे नेते, किंवा पाय छातीपासून उचलले जाऊन पट्ट्याखाली पोकळी राहते. दुसऱ्याची शैलीदार कार्बनची हान्स ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून घेण्यात धोका हा आहे. फॉर्म्युलातली ३० अंशांची हान्स सलून गाडीत बसत नाही. माप गळ्याच्या घेरावर ठरते, छातीवर नाही.

टेदर दोन तऱ्हांचे : पक्के आणि सरकते. सरकत्या टेदरमध्ये दोन्ही बाजूंची एकच दोरी कॉलरमधून सरकते, त्यामुळे मान डावी-उजवीकडे मोकळी फिरते. रॅलीत आणि दाटीच्या शर्यतीत तेच घ्यावे. बाजूचे दिसत नाही म्हणून टेदर मुद्दाम लांब ठेवणारे आढळतात. लांबी उत्पादकाने दिलेलीच राहायला हवी. गाठ मारून आखूड किंवा दुसरा तुकडा जोडून लांब करू नये. बसून पट्टे आवळल्यावर डोके पुढे झुकवून पाहायचे : हनुवटी छातीला टेकण्याआधी टेदर ताणला पाहिजे.

हेल्मेटच्या खुंट्यांसाठी स्वतः ड्रिल मारू नका. कवचात भोक पडले की त्याची ताकद नेमकी ओढीच्या जागी कमी होते आणि मान्यताही जाते. स्नेल एसए२०१० (रेसिंग हेल्मेटचे मानक) आणि त्यापुढच्या हेल्मेटमध्ये एम६ आट्यांचे इन्सर्ट कारखान्यातच असतात, त्यात खुंट्या बसतात. मोटारसायकलचे हेल्मेट या कामाचे नाही, त्याला इन्सर्ट नसतात आणि अस्तर आगीत टिकत नाही. हनुवटीचा पट्टा सैल असेल तर टेदर हेल्मेट धरून ठेवतील आणि डोके त्यातून निसटेल. पाच सेकंदांची तपासणी : पट्टा बांधून हेल्मेट मागून वर ढकलायचे. निघू पाहत असेल तर माप चुकले.

खांद्याच्या पट्ट्यांचे अँकर खांद्याच्या पातळीपासून ० ते २० अंश खाली असावेत. मागे जमिनीवर बोल्ट मारून पट्टे तीव्र उतारावर आणले तर धडकेत ते खांद्यांना खाली दाबतात, मणका चेपतो आणि जोखडाला मागे खेचण्याऐवजी छातीत रुतवतात. पट्टे सीटच्या मागे एकमेकांजवळ हवेत, म्हणजे ते जोखडाच्या प्रत्येक पायाच्या मधोमध बसतात. रुंद अंतरावर बांधले तर जोर पडताच ते पायांच्या बाहेरच्या कडेवरून खांद्यावर घसरतात. मागे जितकी लांबी कमी, तितका पट्टा कमी ताणला जातो. लांब पट्टा रबरासारखा नसला तरी धडकेत कित्येक सेंटिमीटर वाढतो, तितके डोके पुढे. म्हणून केजच्या (गाडीतल्या संरक्षक नळ्यांच्या पिंजऱ्याच्या) आडव्या दांडीला गुंडाळलेला आखूड पट्टा डिकीच्या तळापर्यंत नेलेल्या पट्ट्यापेक्षा बरा. दोन इंची पट्टे हान्सच्या पायांसाठीच बनवलेले मिळतात. तीन इंचीही चालतात, पण पायांवर ते सपाट बसतात का ते पाहून.

क्रम असा. गाडीत बसायच्या आधी जोखड गळ्यात, मग हेल्मेट, मग टेदर. दोन्ही क्लिप ‘टक्’ होईपर्यंत आणि ओढून पाहायच्या. सीटमध्ये पाठ पूर्ण टेकवून कमरेचा पट्टा आधी, जांघेच्या अगदी वर, पोटावर नव्हे, जमेल तितका घट्ट. मग जांघेमधले पट्टे. शेवटी खांद्याचे. खांद्याचे आधी आवळले तर कमरेचा पट्टा वर पोटावर सरकतो. आवळल्यावर दुसऱ्याने बाजूने पाहावे : जोखडाचे दोन्ही पाय छातीला टेकलेले, प्रत्येक पायाच्या मधोमध पट्टा, कॉलर सीटला अडकलेली नाही. ड्रायव्हरला स्वतःला हे दिसत नाही.

बाजूच्या धडकेत हान्सचा उपयोग मर्यादित आहे. तिथे काम करते ते सीटचे डोक्याला आणि खांद्याला धरणारे पंख. पंख असलेली सीट घेताना मागे जोखडाच्या कॉलरसाठी मोकळी जागा आहे ना ते बघावे, नाही तर कॉलर सीटवर टेकून जोखड पुढे सरकते.

बाहेर पडण्याचा सराव करायचा तो घरी नव्हे, गाडीत, ग्लोव्हज घालून आणि डोळे मिटून. बकल फिरवले की पट्टे सुटतात आणि जोखड आपल्याबरोबर बाहेर येते. टेदर सोडावे लागत नाहीत. खिडकीतून निघताना कॉलर चौकटीला लागते, तेव्हा आधी डोके, मग एक खांदा.

कार्टिंगबद्दल

कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे मुले कार्टिंगपासून सुरू करतात, आणि पालक विचारतात, हान्स घेऊ का? कार्टला हार्नेस नसतो, मुलगा सीटवर सुटाच बसलेला असतो. खांद्याचे पट्टेच नाहीत तर जोखड धरणार कोण? कार्टमध्ये हान्स कामाचे नाही. कार्टिंगमध्ये मिळणारा फोमचा गळपट्टा हे वेगळे साधन आहे. तो मान फार वाकू देत नाही आणि हेल्मेटच्या वजनाने आलेला थकवा कमी करतो. मान ताणली जाताना तो काहीच करत नाही, कारण हेल्मेटला बांधलेला नसतो. हार्नेसच्या गाडीत गेल्यावर तोच गळपट्टा घालून ‘नेक सपोर्ट आहे’ समजणे, ही बदलाच्या वेळची सर्वांत मोठी चूक.

मुदती आणि जुने सामान

एसएफआय ३८.१चे उपकरण दर पाच वर्षांनी उत्पादकाकडून पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागते, तारीख स्टिकरवर असते. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संस्थेचे ८८५८चे लेबल असेल तर त्याच्या नियमाने जावे. एसएफआय १६.१चे पट्टे दोन वर्षांत बदलायचे, वापर कितीही कमी असला तरी. पॉलिएस्टरला उन्हातली अतिनील किरणे मारतात आणि आपल्याकडे गाडी उघड्या पॅडॉकमध्ये दिवसभर उभी असते, तेव्हा तारखेआधीही रंग उडालेला, कडक झालेला पट्टा काढून टाकावा. टेदरचेही तसेच. धागा सुटलेला, बॅटरीचे अ‍ॅसिड किंवा ब्रेकफ्लुइड सांडलेला टेदर बदलायचा, धुऊन वापरायचा नाही. जोराची धडक झाली की टेदर आणि पट्टे बाद. जोखड उत्पादकाकडे तपासणीला, कारण कार्बनमधली भेग बाहेरून दिसत नाही.

सेकंडहँड घेताना पाहायच्या गोष्टी तीन : लेबल आणि होलोग्राम, टेदरची तारीख, आणि पायांच्या आतल्या बाजूचा फोम. फोम उत्पादकाचाच हवा. कॉलरबोनला टोचते म्हणून कोणी जाड मऊ फोम चिकटवला असेल तर तो धडकेत दबतो, आणि जितका तो दबतो तितके जोखड पट्ट्याखाली सैल होते.